शाखांना जोडणारी पीपीपी लिंक: पॅप चालेल, की चॅप हवंच?

लोखंडी_पूल

नमस्कार मंडळी,

आमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय आणि शाखा यांच्यातलं नेटवर्क मी सांभाळतो. पूर्वी सगळ्या शाखा ६४ केबीपीएसच्या लीज्ड लाइनवर (भाड्याने घेतलेली, फक्त आपल्यासाठीची थेट तार) होत्या. त्यातल्या थोड्या अजून तशाच आहेत. बाकीच्या ठिकाणी गावातल्या फायबरवाल्याचं पीपीपीओई कनेक्शन (इथरनेटवरून चालणारं पीपीपी) आणि त्यावरून मुख्य कार्यालयापर्यंत एलटूटीपी टनेल (इंटरनेटमधून काढलेला बोगदा), अशी रचना आहे. म्हणजे लाइन कोणतीही असली तरी ओळख पटवायला पीपीपीच (पॉइंट-टू-पॉइंट प्रोटोकॉल, दोन टोकं थेट जोडायची पद्धत).

राउटर बसवणाऱ्या इंजिनिअरने सगळीकडे पॅप (पासवर्ड उघडाच पाठवणारी ओळखपद्धत) ठेवलंय. विचारलं तर म्हणतो, "साहेब, पॉइंट-टू-पॉइंट लिंक आहे. दोन टोकं, मध्ये तिसरा कोणी नाही. पासवर्ड ऐकणार कोण?"

मला हे अजिबात पटत नाही. लोकांच्या ठेवींचे व्यवहार ज्या लिंकवरून जातात, तिथे पासवर्ड उघडा जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. पण संचालक मंडळापुढे बोलायचं तर "पटत नाही" एवढं पुरत नाही, कारण लागतं. शिवाय चॅप (पासवर्ड न पाठवता ओळख पटवणारी पद्धत) लावलं की काम झालं, की त्यालाही मर्यादा आहेत? ज्यांनी हे हाताळलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

दुपारचा_चहा

रुमाल टाकून ठेवतेय. आमच्या ऑफिसातही याच विषयावर सध्या खल चालू आहे.

ओतूरचा_वायरमन

तुमच्या इंजिनिअरचं म्हणणं पूर्वीच्या लीज्ड लाइनपुरतं बऱ्यापैकी खरं होतं. माझी उमेदीची वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, म्हणून सांगतो. तांब्याची जोडी एक्स्चेंजच्या एमडीएफपासून (सगळ्या तारा जिथे जुळतात ती चौकट) ग्राहकाच्या मोडेमपर्यंत यायची आणि मोडेममधून व्ही.३५ ची केबल राउटरला. ऐकायचं तर डीपी (तारांची जोडपेटी) उघडून त्या जोडीवर बसावं लागायचं. पलीकडे कोण आहे ते लाइनच सांगायची, त्यामुळे कित्येक ठिकाणी पीपीपीसुद्धा नसायचं. सिस्कोच्या सिरियल पोर्टवर मुळात एचडीएलसी (पीपीपीऐवजीची साधी पद्धत) असतं आणि त्यात ओळख पटवण्याची सोयच नाही.

पॅप जन्माला आलं डायल-अपच्या गरजेतून. फोन कोणीही फिरवू शकतो, म्हणून "तू कोण?" हे विचारणं भाग होतं. १९९२ च्या ऑक्टोबरात आरएफसी १३३४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) निघाला, त्यात पॅप आणि चॅप दोन्ही होते. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा दोन्ही कागदावर तयार होते. तेव्हा चॅप नव्हतं म्हणून पॅप वापरलं, असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही.

पण पीपीपीओई म्हणजे लीज्ड लाइन नव्हे. तिथे "मध्ये कोणी नाही" हे वाक्यच लागू होत नाही. त्यावर या विषयात रोज काम करणाऱ्यांनी लिहावं.

रानजाई

वायरमनकाकांनी छान पाया घालून दिलाय. मी यंत्रणा कशी चालते ते लिहिते, म्हणजे मंडळापुढे सांगायला सोपं जाईल.

पीपीपी लिंक उठताना आधी एलसीपीची (लिंकच्या अटी ठरवणाऱ्या भागाची) बोलणी होतात. त्यात एक टोक म्हणतं, "मला तुझी ओळख हवी, अमुक पद्धतीने दे." दुसरं टोक मान्य करतं किंवा "ही नको, ती चालेल" असं सुचवतं. कोणीच मागणी केली नाही तर ओळख न पटवताच लिंक सुरू होते, मूळ नियमच तसा आहे. आणि ही मागणी प्रत्येक दिशेला स्वतंत्र असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मुख्य कार्यालयाने शाखेची ओळख तपासली म्हणून शाखेने मुख्य कार्यालयाची तपासली असं होत नाही.

पॅपमध्ये शाखेचा राउटर नाव आणि पासवर्ड जसाच्या तसा पाठवतो, समोरून होकार किंवा नकार येतो. संपलं. आणखी एक गोची म्हणजे किती वेळा आणि केव्हा प्रयत्न करायचा हे ओळख देणाऱ्याच्या हातात असतं. पासवर्डचा अंदाज लावत बसणाऱ्याला प्रोटोकॉल अडवत नाही, ती सोय राउटरने वेगळी करावी लागते.

चॅपमध्ये सूत्रं तपासणाऱ्याच्या हातात जातात. तो एक अनियमित आकडा पाठवतो, तो म्हणजे चॅलेंज. शाखेचा राउटर पॅकेटचा ओळखक्रमांक, गुप्त शब्द आणि तो चॅलेंज एकापुढे एक ठेवून त्यांचा एमडी५ हॅश (मजकुराचा ठसा, ज्यावरून मूळ मजकूर उलटा काढता येत नाही) काढतो आणि फक्त हॅश परत पाठवतो. मुख्य कार्यालयाकडे तोच गुप्त शब्द असतो. तेही हाच हिशेब करतं आणि जुळलं तर होकार देतं. गुप्त शब्द तारेवरून जातच नाही. चॅलेंज दर वेळी नवा, त्यामुळे कालचं उत्तर आज चालत नाही. लिंक चालू असताना मध्येच पुन्हा चॅलेंज टाकायचीही मुभा आहे. सध्याचं चॅप १९९६ च्या आरएफसी १९९४ मध्ये आहे. क्रमांक १९९४ आणि वर्ष १९९६, यात लोकांचा नेहमी गोंधळ होतो.

शिकाऊ_राउटर

रानजाईताई, एक शंका. मी अजून शिकतोय. चॅलेंजही उघडा जातो आणि हॅशही उघडाच जातो. मग दोन्ही टिपून घेणारा घरी बसून एकेक शब्द लावून बघेल ना?

रानजाई

अगदी बरोबर प्रश्न विचारलास. हो, बघेलच, आणि तेही प्रचंड वेगाने. एमडी५ इतका हलका आहे की साध्या ग्राफिक्स कार्डवरसुद्धा शब्दकोशच्या शब्दकोश पटापट तपासून होतात. चॅपसाठी तयार हत्यारं आहेत. २००४ मध्ये चिनी संशोधक वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी५ च्या टकरी दाखवल्या, म्हणजे दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश. त्यामुळे चॅप थेट मोडलं नाही. त्याची खरी कमजोरी आहे दुबळा गुप्त शब्द.

म्हणून आरएफसीनेच सुचवलंय की गुप्त शब्द निदान हॅशच्या लांबीचा असावा, म्हणजे एमडी५ साठी १६ बाइट. संगणकाकडून काढलेला, अर्थहीन. "शाखा@१२३" छाप शब्द ठेवला तर चॅप आणि पॅप यांत फरक फार थोडा.

मिठागर

आता मी लिहितो. किनारपट्टीवर केबल-इंटरनेटचं काम करतो, पीपीपीओई हा माझा रोजचा धंदा.

पीपीपीओई (आरएफसी २५१६, सन १९९९) सुरू कसं होतं ते बघा. तुमचा राउटर सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो, तिला पीएडीआय म्हणतात. "इथे सर्व्हर कोण आहे?" जो कोणी ऐकेल त्याने पीएडीओने "मी आहे" म्हणायचं. बहुतेक राउटर ज्याचं उत्तर आधी येईल त्याच्याशी जोडून घेतात. ते उत्तर देणारा खरा सर्व्हर आहे की शेजारच्या इमारतीत लॅपटॉप घेऊन बसलेला पोरगा, हे या पायरीवर कोणी विचारतच नाही.

मग त्या पोराचा सर्व्हर एलसीपीत म्हणतो, "मला पॅपने ओळख दे." तुमच्या राउटरमध्ये पॅपला मनाई नसेल तर तो मुकाट नाव आणि पासवर्ड उघडा देऊन टाकतो. तार कापायला नको, काही ऐकत बसायला नको. ग्राहक पासवर्ड विसरला आणि राउटरच्या पानावर नुसते ठिपके दिसत असले, की आम्ही लोक हीच युक्ती चांगल्या कामासाठी वापरतो. राउटरची केबल काढून लॅपटॉपला लावायची, लॅपटॉपवर पीपीपीओई सर्व्हर चालू करायचा, पॅप मागायचं. पासवर्ड लगेच समोर येतो.

सर्व्हरवर चॅप लावून इथे काहीच साधत नाही, पूल साहेब. शाखेच्या राउटरमध्ये पॅपला साफ नकार द्यायला हवा. मायक्रोटिकमध्ये पीपीपीओई क्लायंटच्या "अलाउ" यादीतून पॅप काढून टाका. लिनक्सच्या पीपीपीडीत (पीपीपी चालवणारा प्रोग्राम) "रिफ्यूज-पॅप" लिहा.

फायबरवाल्याचीही जबाबदारी आहे. एका ग्राहकाच्या पोर्टवरची हाक दुसऱ्या ग्राहकाला ऐकू जाताच कामा नये. स्विचवर पोर्ट आयसोलेशन लावलं की हाक फक्त मुख्य सर्व्हरकडे जाते. जीपॉनमध्ये (एकच फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या जाळ्यात) ग्राहकांच्या डब्यांचा एकमेकांशी थेट संबंध सहसा ठेवत नाहीत, त्यामुळे तिथे धोका कमी. पण साधे स्विच एकापुढे एक लावत नेलेल्या जुन्या जाळ्यात हे सगळं सताड उघडं असतं. तुमच्या शाखेला जोडणी देणाऱ्याला स्पष्ट विचारा.

दुपारचा_चहा

मिठागर, हे माहीतच नव्हतं! आमच्या सोसायटीत नेमकं असंच स्विचचं जाळं आहे. उद्याच विचारते.

सातपुडा

मी थोडं वेगळं मत मांडतो. चॅपचं कौतुक चाललंय, पण त्याची किंमत कोणी सांगितली नाही. चॅपचा हिशेब करायला सर्व्हरकडे गुप्त शब्द मूळ रूपात लागतो. म्हणजे तुमच्या रेडियस सर्व्हरच्या (सगळ्यांची नावं-पासवर्ड एका जागी तपासणारा सर्व्हर) डेटाबेसमध्ये सगळे पासवर्ड उघडे, किंवा उलट उलगडता येतील असे. तो डेटाबेस एकदा फुटला की सगळ्या शाखा एका दमात गेल्या. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतही (कंपनीतल्या खात्यांची यादी) चॅप हवं असेल तर "रिव्हर्सिबल एन्क्रिप्शन" चालू करावं लागतं, आणि ते कोणताही शहाणा माणूस करत नाही.

पॅपमध्ये पासवर्ड तारेवर उघडा असतो, पण सर्व्हरकडे मीठ (प्रत्येकाला वेगळा असा अनियमित तुकडा) घातलेला सशक्त हॅश ठेवता येतो. तार सुरक्षित बोगद्यात असेल तर पॅप जास्त शहाणपणाचं ठरतं. एका तारेवरचा एक पासवर्ड गेला तर एक शाखा जाते. डेटाबेस गेला तर सगळं जातं.

रानजाई

सातपुडा, मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो मांडल्याबद्दल आभार. पण "तार सुरक्षित बोगद्यात असेल तर" ही अट फार मोठी आहे. पूल साहेबांच्या पीपीपीओई कनेक्शनला कसला बोगदा? मिठागरने लिहिलं ते घडायला डेटाबेस फुटावा लागत नाही.

शिवाय इथे पासवर्ड माणसांचे नाहीत, राउटरचे आहेत. माणूस एकच पासवर्ड बँकेत, मेलमध्ये, सगळीकडे वापरतो, म्हणून त्याचा उघडा साठा घातक. राउटरचा गुप्त शब्द एकाच लिंकपुरता असतो आणि फुटला तर बदलता येतो. शाखा मोजक्या असतील तर तो साठा नीट कुलूपबंद ठेवणं शक्य आहे.

आणि रेडियसचा विषय निघालाच आहे तर, राउटर आणि रेडियस सर्व्हर यांच्यातला टप्पाही बघा. पॅपचा पासवर्ड तिथे सामायिक गुप्त शब्द आणि एमडी५ वापरून झाकला जातो, पण ते झाकण तकलादू आहे. जुलै २०२४ मध्ये ब्लास्ट-रेडियस नावाचा हल्ला जाहीर झाला. मधला माणूस सर्व्हरचा नकार होकारात बदलू शकतो, तेही पासवर्ड ठाऊक नसताना! इथे मात्र एमडी५ च्या टकरी खरोखर कामी आल्या. पॅप, चॅप, एमएस-चॅप (चॅपचा मायक्रोसॉफ्टचा अवतार), तिन्हींना तो लागू होतो. ईएपी (वेगवेगळ्या ओळखपद्धती चालवणारी चौकट) वाचलं, कारण त्यात मेसेज-ऑथेंटिकेटर (निरोप मध्ये बदलला नाही हे दाखवणारी खूण) सक्तीचा आहे. तुमच्याकडे रेडियस असेल तर दोन्ही बाजूंचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि मेसेज-ऑथेंटिकेटर सक्तीचा करा.

सातपुडा

राउटरचे पासवर्ड आणि माणसांचे पासवर्ड हा फरक मान्य. माझा विरोध आंधळेपणाने चॅप लावण्याला आहे. लोक तोच शब्द पॅपलाही ठेवतात आणि चॅपलाही.

रानजाई

त्याबाबत आपलं एकमत आहे. आरएफसी १९९४ मध्येही हा इशारा आहे. एकाच नावाला अनेक पद्धतींनी येऊ दिलं तर हल्लेखोर सगळ्यात दुबळी पद्धत निवडायला लावतो, आणि शब्द तोच असेल तर पॅपमध्ये गळलेला शब्द पुढे चॅपला वापरता येतो.

लिफीकाठ

डब्लिनहून. माझं काम मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कचं आहे. इथे एमएस-चॅपचं नुसतं नाव आलं, त्याबद्दल कोणी लिहिलेलं दिसत नाही, आणि बरेच राउटर तेच पुढे करतात, म्हणून लिहिते.

एमएस-चॅपच्या दुसऱ्या आवृत्तीत (आरएफसी २७५९, सन २०००) दोन गोष्टी चांगल्या आहेत. सर्व्हरलाही आपली ओळख सिद्ध करावी लागते, आणि सर्व्हरकडे मूळ पासवर्डऐवजी त्याचा एनटी हॅश (विंडोजच्या पद्धतीचा हॅश) असला तरी भागतं. पण आतलं गणित कच्चं. १६ बाइटांचा तो हॅश ७, ७ आणि २ असा तोडून त्याच्या तीन डीईएस (मजकूर कुलूपबंद करायची जुनी पद्धत) किल्ल्या करतात. शेवटच्या किल्लीत दोनच बाइट खरे, बाकी शून्यं. म्हणजे जेमतेम ६५,५३६ शक्यता. उरलेल्या दोन किल्ल्यांनी एकच मजकूर कुलूपबंद होतो, त्यामुळे एकाच फेरीत दोन्ही शोधता येतात. २०१२ च्या डेफकॉन या हॅकर संमेलनात मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवून दिलं की सगळं काम एका डीईएसच्या शोधावर, २ चा ५६ वा घात एवढ्यावर येतं, आणि त्यांच्या खास यंत्रावर त्याला एक दिवससुद्धा लागत नाही. पासवर्ड कितीही लांब असो! चॅपमध्ये लांब गुप्त शब्द तुम्हाला वाचवतो, इथे तोही वाचवत नाही. त्याच ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टनेही सल्ला काढला, की हे उघड्यावर वापरू नका, बोगद्यात गुंडाळा.

माझा कौल ईएपी-टीएलएसला. दोन्ही टोकांकडे प्रमाणपत्रं, दोघं एकमेकांना तपासतात, पासवर्डचा प्रश्नच उरत नाही. मात्र प्रमाणपत्रं देणं, मुदत संपण्याआधी बदलणं, हरवलेल्या राउटरचं रद्द करणं, हे सगळं शिस्तीने करणारा माणूस लागतो.

ओतूरचा_वायरमन

ईएपी चांगलंच, पण कोड जितका मोठा तितक्या फटी जास्त, हेही खरं. २०२० मध्ये पीपीपीडीच्या ईएपी वाचणाऱ्या भागातच मोठं भोक सापडलं, २.४.२ पासून २.४.८ पर्यंतच्या सगळ्या आवृत्त्यांत. ओळख पटायच्या आधीच दूरच्या माणसाला तिथून आत शिरता येण्याची शक्यता होती. कितीतरी राउटरमध्ये हाच पीपीपीडी असतो. फर्मवेअर जुनं ठेवून वर कुठलीही पद्धत लावली तरी उपयोग नाही.

शिकाऊ_राउटर

अवांतर: मोबाइलमध्ये एपीएनच्या (मोबाइल डेटाच्या जोडणीच्या) सेटिंगमध्ये "ऑथेंटिकेशन टाइप" म्हणून पॅप, चॅप असे पर्याय दिसतात. ते हेच का?

मिठागर

हेच रे. साध्या सिमला बहुधा रिकामं ठेवलेलं चालतं, कारण खरी ओळख सिमच पटवतं. कंपन्यांच्या खाजगी एपीएनला मात्र नाव-पासवर्ड लागू शकतो.

लिफीकाठ

आणि स्टोरेजवाल्यांनो, आयस्कझीमध्येही (नेटवर्कवरून डिस्क वापरायची पद्धत) हेच चॅप आहे. तिथला नियम मला फार आवडतो. दोन्ही दिशांना एकच गुप्त शब्द वापरायला मनाई, आणि ९६ बिटांपेक्षा छोटा शब्द असेल तर आयपीसेक (जाणारी माहिती कुलूपबंद करणारी पद्धत) हवंच.

लोखंडी_पूल

सगळ्यांचे मनापासून आभार. मंडळापुढे मांडायला आता भरपूर आहे. लिफीकाठताई, दोन्ही दिशांना एकच शब्द का नको? आमच्या लीज्ड लाइनवर दोन्हीकडून चॅप आणि शब्द एकच, असं करायचा विचार होता.

लिफीकाठ

समजा मी तोतया आहे आणि तुमच्या राउटरशी जोडून घेतलं. तुमचा राउटर मला चॅलेंज देतो. उत्तर मला येत नाही. मग मी तोच चॅलेंज, त्याच ओळखक्रमांकासह, उलट तुमच्याच राउटरला टाकते: "आता तू तुझी ओळख दे." शब्द दोन्ही दिशांना एकच, म्हणून त्याने काढलेलं उत्तर हेच मला हवं असलेलं उत्तर. ते उचलून मी परत देते. काही राउटर स्वतःचा चॅलेंज ओळखून हे फेटाळतात, पण त्यावर विसंबू नका. दोन दिशांना दोन शब्द ठेवा, विषय संपतो.

ओतूरचा_वायरमन

पूल साहेब, एक गोष्ट मंडळाला ठासून सांगा. पॅप, चॅप, ईएपी यांतलं काहीही लावा, ते ओळख पटवतं, पुढची माहिती झाकत नाही. मांडवाच्या दारात पत्रिका बघून आत सोडलं, पुढे पंगतीत कोण काय बोलतंय ते दारावरच्या माणसाला थोडंच कळतं? ओळख पटल्यानंतर मध्येच कोणी लिंक ताब्यात घेतली तर चॅपला ते पुढच्या चॅलेंजपर्यंत समजणार नाही, आणि मधला माणूस ते चॅलेंज खऱ्या राउटरकडे पोहोचवत राहिला तर तेव्हाही नाही. ठेवीदारांची माहिती जाते तिथे एलटूटीपीच्या खाली आयपीसेक हवंच. एलटूटीपी स्वतः काहीच झाकत नाही.

लोखंडी_पूल

धागा वर आणतोय, कारण काम सुरू झालंय आणि एक अडचण आलीये.

आयपीसेक मंजूर झालं. टनेलमध्ये चॅप लावलं, दोन्ही दिशांना वेगळे लांब शब्द, संगणकाकडून काढलेले. एका शाखेत ओळख पटेना, कारण नावात एकीकडे कॅपिटल अक्षर होतं आणि दुसरीकडे स्मॉल. लॉगमध्ये ते लगेच दिसलं.

अडचण अशी: शाखांच्या राउटरवर बाहेरच्या पीपीपीओईसाठी पॅप बंद केलं, तर एका गावातल्या जोडणीवाल्याचा सर्व्हर पॅपशिवाय घेतच नाही. दुसरा जोडणीवाला त्या गावात नाही. आता?

मिठागर

तिथे पॅप चालू ठेवा आणि तो पासवर्ड जगजाहीर आहे असं धरून चला. तो दुसरीकडे कुठेही वापरू नका, टनेलच्या शब्दाशी त्याचा काडीचाही संबंध नको. तो चोरून कोणी केलंच तर तुमच्या नावावर इंटरनेट वापरेल, पतसंस्थेत शिरू शकणार नाही. जोडणीवाल्याकडे मॅक बाइंडिंग (फक्त तुमच्याच राउटरच्या हार्डवेअर क्रमांकाला परवानगी) आणि एका नावाला एकच सेशन अशी सोय मागा. आणि तो ग्राहकांचे पोर्ट वेगळे ठेवतो का, हे स्वतः जाऊन बघा, फोनवरच्या उत्तरावर जाऊ नका.

रानजाई

मिठागरला अनुमोदन. बाहेरची पीपीपीओई लिंक फक्त रस्ता म्हणून धरा, विश्वास टनेलवर ठेवा. मात्र त्या शाखेच्या राउटरमध्ये पॅपची परवानगी फक्त पीपीपीओईच्या प्रोफाइलला द्या. टनेलच्या प्रोफाइलमध्ये ती राहता कामा नये. पुष्कळ राउटरांत दोन्हींना एकच डिफॉल्ट प्रोफाइल असतं आणि एकीकडचा बदल दुसरीकडेही लागू होतो.

लोखंडी_पूल

आत्ताच तपासलं. दोन्हींना एकच प्रोफाइल होतं. वेगळं केलं, टनेलमधून पॅप काढलं, टनेल चॅपवर पुन्हा उठलं. उरलेल्या शाखांचेही प्रोफाइल आज संध्याकाळी व्यवहार बंद झाल्यावर बघतो.

ओतूरचा_वायरमन

लांबून बदल करणार असाल आणि राउटर सिस्कोसारखा, म्हणजे कॉन्फिग वेगळी सेव्ह करावी लागणारा असेल, तर आधी त्याला ठरावीक मिनिटांनी आपोआप रीलोड व्हायचा आदेश देऊन ठेवा, आणि सगळं नीट चालल्याची खात्री होईपर्यंत नवी कॉन्फिग सेव्ह करू नका. लिंक तुटली तर राउटर जुन्या कॉन्फिगवर परत येतो आणि रात्री गाडी काढून शाखेत जावं लागत नाही. सगळं ठीक असेल तर सेव्ह करून तो रीलोड रद्द करायला मात्र विसरू नका.